पुस्तकात नसलेला काटा

मंगळवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी नयनाचा फोन वाजला. बोलणारे नविनभाई होते, डहाणूच्या वाचक मंडळाचे चिटणीस. हेमांगी रायरीकर येत्या रविवारी बोर्डीला येत होत्या आणि वाचकांच्या वतीनं अण्णांनी बोलावं असं मंडळानं ठरवलं होतं. "जास्त नाय, पाच मिनिट बस, नयनाबेन. मला रायरीकर का आवडतात, एवढंच. अण्णांसारखं कोण बोलणार? मी सकाळीच येऊन सांगून गेलो त्यांना. एकदम खुश!" तळासरीच्या पुढं एका पाड्यावरच्या शाळेत तेव्हा तिसरीचा वर्ग पाढे म्हणत होता आणि वर्गाच्या बाई, म्हणजे नयना, पडवीत उभ्या होत्या. "अरे वा, छान," असं तिनं म्हटलं, फोन ठेवला आणि पुन्हा वर्गात शिरली. मुलं आठ सत्ते छप्पनला अडली होती. ती पुढं सांगेल म्हणून सगळी तिच्या तोंडाकडं बघत राहिली आणि तिला काही केल्या पुढचा आकडा आठवेना.

अण्णा हे नयनाचे सासरे. डहाणू रोड स्टेशनात तिकीटखिडकीमागं त्यांची नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. वाचनाचं वेड मात्र गेलं नाही. मोबाइलवर पुस्तक ऐकून पाहिलं, पण तिथली बाई श्वासच घेत नाही म्हणून त्यांनी ते बंद करायला लावलं. मग संध्याकाळचा चहा झाला की नयना वाचायला बसू लागली. ऐतिहासिक कादंबरी, आणि तीही प्रेमाची. दुसरं काही त्यांना चालत नसे. सुरुवातीला वसंतराव मोहितकर होते. मोहितकरांची अडचण नव्हती. त्यांच्या पुस्तकात नायिका एकदा गवाक्षातून खाली बघे, नायक एकदा वर बघे, आणि पुढची दीडशे पानं तोफा. ते संपल्यावर वाचनालयातून रायरीकरांची ‘किल्लेदारीण’ आली. खाडीच्या तोंडावरचा एक लहानसा किल्ला, तो राखणारी तरुण विधवा उमाबाई आणि रात्रीच्या पावसात निरोप घेऊन आलेला जासूद. शाळेत धडा वाचून दाखवताना डोळा दोन ओळी पुढं पळवायची नयनाला सवय. त्या संध्याकाळी तो पळाला आणि जागीच थिजला. समोरची तीन पानं सासऱ्यापुढं सुनेनं उच्चारायची नव्हती. उमाबाई दिवा विझवते, आणि मग जे होतं ते रायरीकरांनी काहीही हातचं न राखता लिहिलं होतं. अण्णा पोटावर हात बांधून वाट बघत होते. "ही पानं गाळते," असं म्हणता आलं असतं. पण का गाळते ते न सांगताही समजलंच असतं, आणि ते समजणं वाचण्याइतकंच उघडं होतं. नयनाचं तोंड थांबलं नाही. वाचायच्या त्याच सुरात ती म्हणाली, जासूद उंबऱ्यापाशी थांबला, त्याच्या पायात काटा मोडला होता. उमाबाईंनी घंगाळात गरम पाणी आणलं. पाय इकडं करा, म्हणाल्या. तो संकोचला. त्यांनी दिवा जवळ ओढला, सुई घेतली, आणि काटा निघेपर्यंत दोघांपैकी कुणीच वर बघितलं नाही.

"हं," अण्णा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "परत वाच." तिनं पुन्हा सांगितलं, पहिल्यांदा सांगितलेलं शब्दाशब्दानं आठवून. पहिल्यांदा ती वेळ मारून नेणं होतं, कुणाही सुनेनं नेली असती. दुसऱ्यांदा त्या काट्याला पुस्तकातल्यासारखं पान आणि ओळी आल्या. त्यानंतर रायरीकरांची जेवढी पुस्तकं घरात आली त्यांत जिथं जिथं दिवा विझे तिथं तिथं नयना तो चालू ठेवी, आणि माणसांच्या हाताला काहीतरी काम देई. कुणी खोगिराचा तुटलेला पट्टा शिवे, कुणी समोरासमोर बसून तांदूळ निवडी, एक सरदार तर रुसलेल्या बायकोला लसूण सोलून देई. अण्णांचं मत त्यातून तयार झालं. ते त्यांनी पारनाक्याच्या बाकावर बसणाऱ्या सगळ्या पेन्शनरांना ऐकवलं, शेजारच्या गुजराती कुटुंबाला ऐकवलं, नविनभाईंना तर दर आठवड्याला. रायरीकर मर्यादा सोडत नाही. रायरीकर प्रेम हातांतून दाखवते. ज्यांनी ती पुस्तकं स्वतःच्या डोळ्यांनी वाचली होती ते आंधळ्या माणसाशी वाद कशाला म्हणून गप्प बसत असावेत, किंवा, नयनाला कधी कधी वाटे, अण्णा बोलायला लागले की कुणी ऐकतच नसावं. पण मंडळानं ऐकलं होतं. बोर्डीच्या सभागृहात सगळ्यांनी पुस्तकं वाचलेली असणार, आणि त्यांच्यासमोर हे मत माईकवरून सांगितलं जाणार होतं. लोक हसले तर अण्णांना ते दिसणार नव्हतं. ऐकू येणार होतं.

परतीच्या जीपमध्ये तिनं हे संगिताला सांगितलं. संगिता त्याच शाळेत, पाड्यावरचीच, तिथंच शिकून तिथंच शिक्षिका झालेली. कासा फाट्याकडची माणसं उतरल्यावर मागची सीट मोकळी झाली, तेव्हा. "अण्णा काय बोलणार हायत?" संगितानं विचारलं. "हेच, की ही बाई मर्यादा सोडत नाही." संगिता एवढ्यानं हसली की ड्रायव्हरनं आरशातून मागं बघितलं. "रायरीकर? मॅडम, मी तिची पुस्तकं घरात लपवून ठेवते. नवरा बघेल म्हणून नाय, मागून घेईल म्हणून!" नयनाही हसली. मग तिनं विचारलं, तुला ती का आवडते. संगितानं ओढणीनं तोंडावरची धूळ पुसली. "बाकीच्यांच्या पुस्तकात बाईला उचलूनच नेतात. घोड्यावर टाकली पोत्यासारखी, का चालले. बाईला कुणी विचारतच नाय. हिची बाई सोताच्या पायानं जाते. त्या किल्ल्यावाल्या पुस्तकात दिवा कोण विझवतं? तो नाय विझवत. ती विझवते. मी ते पान दोनदा वाचलं. वाटलं, हे कुणी लिहिलं, बाईनंच लिहिलं असणार." मग ती नयनाकडं वळली. "सांगून टाका ना म्हाताऱ्याला," संगिता म्हणाली. "हसतील." "नाही हसले तर?" "मंग मोहितकर लावा परत." आणि उतरता उतरता, गमतीतच, पण ते नयनाच्या अंगाला चिकटून बसलं, "आमच्या लग्नात गाणाऱ्या बाया पण समोर कोण बसलंय ते बघून गाळतात हां. पण गाळतात, मॅडम. दुसरं घालत नायत."

दुसरं घातलं होतं ते तिचं होतं. डहाणूत जीपमधून उतरून इराणी रोडनं चालताना, चिकूच्या करंड्या भरणाऱ्या टेम्पोला वळसा घालताना, नयनाला ते नेहमीसारखं टाळता आलं नाही. काही वर्षांपूर्वी शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला ती आणि विनोद म्हणून केंद्रातल्या दुसऱ्या शाळेतले एक शिक्षक डोंगराकडच्या पाड्यांवर फिरत होते, तिच्या लग्नाला बरीच वर्षं झालेली असताना. करवंदाच्या जाळीजवळ तिची चप्पल सुटली आणि काटा टाचेत मोडला. विनोदनं तिला दगडावर बसवलं, गळ्यातल्या ओळखपत्राची पिन काढली आणि खाली बसून काटा काढला. "दुखलं तर सांगा," एवढंच म्हणाला. वर बघितलं नाही. दुखत होतं आणि तिनं सांगितलं नाही. पुढं त्याची जव्हारकडं बदली झाली, निरोप समारंभात तिनं त्याला सगळ्यांबरोबर श्रीफळ दिलं, संपलं. ज्याला काही घडलं म्हणता येईल असं काही घडलं नव्हतं. म्हणून ती इतकी वर्षं स्वतःला निर्दोष समजत आली होती. पण घंगाळ, दिवा, सुई हे सगळं वरून घातलेलं होतं. वर न बघणारं ते डोकं, केसांत अडकलेलं वाळकं पान, टाचेखाली धरलेला तळहात, हे तिनं जसंच्या तसं वाचलं होतं. नवऱ्याच्या वडिलांना. कितीदा तरी. आणि एकदा अनिकेत, तिचा नवरा, तारापूरच्या कारखान्यातून पाळी संपवून आला आणि बूट काढता काढता दारातच थांबून ऐकत राहिला. प्रसंग संपल्यावर म्हणाला होता, "मस्त लिहिते गं ही बाई." नयनानं तेव्हा पुस्तक मिटून चहा टाकायला आत जाताना स्वतःशी म्हटलं होतं, यात पाप काय, गोष्ट आहे. गोष्टच होती. फक्त तिच्यावर दुसऱ्या बाईचं नाव होतं, आणि त्या दुसऱ्या बाईनं जिला स्वतःच्या हातानं दिवा विझवू दिला होता तिला नयनानं सुई घेऊन बसवलं होतं. संगिता बोलेपर्यंत हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. आपण अण्णांचा मान राखला, रायरीकरांची लाज राखली, असंच तिला वाटत आलं होतं. कुणी राखायला सांगितली होती? थर्मल वीजकेंद्राच्या चिमणीवरचा धूर समुद्राकडं सरकत होता आणि धाकटी डहाणूकडून वाळत्या बोंबलांचा वास येत होता. घराच्या फाटकाशी ती उगाचच थांबली. आत अण्णा कुणाशी तरी बोलत होते. कुणी नव्हतं, भाषणाची तयारी चालली होती.

बुधवारी सांगायचं ठरलं ते गुरुवारवर गेलं. गुरुवारी अण्णांनी इस्त्रीला सदरा दिला. शुक्रवारी त्यांनी न्हाव्याला घरी बोलावलं आणि दाढी होत असताना त्यालाही उमाबाईंची गोष्ट सांगितली; न्हावी वस्तरा धरून थांबला आणि म्हणाला, "मग काटा निघाला का?" शनिवारी शाळा लवकर सुटली. नयना घरी आली तेव्हा अण्णा गॅलरीत खुर्चीत बसून, समोर सभा असल्यासारखे, बोलत होते. तिचं पाऊल ऐकून थांबले. "बस. आता तू श्रोता. पहिले मोहितकर. माणूस अभ्यासू. तोफेचं वजन चुकणार नाही, किल्ल्याची पायरी चुकणार नाही. पण त्यांची नायिका सारखी मूर्च्छा येऊन पडते. हिला जेवायला कुणी देत नाही का, असं मला वाटायचं. मग आमचे एक गुजराती लेखक होते, त्यांच्यात प्रेम म्हणजे नुसते अलंकार. बाईच्या अंगावर एवढं सोनं की मिठी मारली तर टोचेल. आणि मग रायरीकर. रायरीकरांच्या पुस्तकात इतिहास असा मागं उभा असतो, दारात उभ्या असलेल्या गड्यासारखा. पुढं दोन माणसं असतात आणि त्यांना काम असतं. कसं वाटतं?" "छान," नयना म्हणाली. तिचा स्वर तिलाच परका वाटला. "अण्णा, ते प्रकरण एकदा नीट वाचू या का? पुस्तकातून." अण्णा हसले. "म्हणजे आजवर कशातून वाचलंस?"

तिनं पुस्तक आणलं, पान काढलं. काय करायचं ते तिनं येताना जीपमध्येच पक्कं केलं होतं. जे छापलंय ते वाचायचं, डोळे पानावर ठेवायचे, आवाज सपाट ठेवायचा. दोन वाक्यांत त्यांच्या लक्षात येईल, ते थांब म्हणतील, मग सांगायचं. तिनं वाचलं, "‘उमाबाईंनी जासुदाकडे एकदा नीट पाहून घेतले. मग त्यांनी फुंकर मारली. दिवा विझला.’" "चुकलं," अण्णा म्हणाले. "पुढचं पान उलटलंस तू. आधी काटा." "अण्णा, इथं..." "आधी गरम पाणी. मग त्या म्हणतात, पाय इकडं करा. तो म्हणतो, सरकारांनी आमच्या पायाला हात लावायचा? त्या म्हणतात, किल्ल्यात आलेल्या माणसाचा पाय किल्ल्याचाच." हे शेवटचं वाक्य तिनं घातलं होतं की अण्णांनी, ते नयनाला आता सांगता आलं नसतं. अण्णा पुढं म्हणत राहिले, एक शब्द न चुकता, आणि सुईपाशी येऊन थांबले. खाली रस्त्यावर बर्फगोळेवाला घंटी वाजवत गेला. "मालतीच्या टाचांना भेगा होत्या," अण्णा म्हणाले. मालती म्हणजे नयनाच्या सासूबाई. "थंडीत रक्त यायचं. फरशीवर ठिपके पडायचे, मग तीच पुसायची. मी पेपर वाचत बसलेला असायचो. मलम आणून द्यायचो मी, नाही असं नाही. पण वाकून बघितलं नाही कधी. हे प्रकरण तू वाचलंस त्या दिवशी मला ते ठिपके पहिल्यांदा दिसले. डोळे गेल्यावर." त्यांनी चेहरा दुसरीकडं केला. "हे मी उद्या बोलणार नाही हं. चारचौघांत काय बोलायचं. पण त्या बाईला एकदा नमस्कार करायचाय." नयनानं पुस्तक मिटलं. मिटताना बोट आत राहिलं होतं, ते तिनं हळूच काढून घेतलं. अण्णांचं जे काही सासूबाईंशी चाललं होतं ते त्या तीन पानांच्या जागी चाललं होतं. ती पानं आता परत आणायची तर हे तिथून उठवायला लागणार होतं. आणि नाही आणायची तर उद्या सभा होती.

रविवारी बोर्डीच्या सभागृहात पंखे पूर्ण वेगानं चालू होते आणि सुरूच्या झाडांतून समुद्राचा वारा खिडक्या आपटत होता. हेमांगी रायरीकर ठेंगण्या, केस बारीक कापलेल्या, हातात पुरुषी घड्याळ. त्या उंच असतील अशी नयनाची कल्पना होती. तिच्या शेजारी अनिकेत, मागच्या रांगेत संगिता, तिनं बसताना नयनाच्या खांद्यावर थाप मारून कानात विचारलं, "सांगितलं?" नयनानं नकारार्थी मान हलवली. "बाई गं," संगिता म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. नविनभाईंनी अण्णांना धरून माईकपाशी नेलं. अण्णा बोलले ते गॅलरीत बोलले त्याहून चांगलं बोलले. मूर्च्छेला लोक हसले, सोन्याच्या मिठीला टाळ्या पडल्या. मग ते म्हणाले, रायरीकर कधी मर्यादा सोडत नाहीत, आणि सभागृहात कुजबुज झाली. कुणीतरी खुदकन हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. अण्णांनी मान किंचित कलती केली, आवाज कुठून आला ते शोधत असल्यासारखी, आणि काट्याचा प्रसंग सांगायला सुरुवात केली. सांगून होईपर्यंत कुणी हसलं नाही. नयना अण्णांकडं बघत नव्हती. ती रायरीकरांकडं बघत होती. त्यांच्या कपाळावर आधी आठी पडली, मग ती गेली, मग त्या पुढं झुकून ऐकायला लागल्या, हनुवटीखाली मूठ धरून.

टाळ्या थांबल्यावर त्या उठून माईकपाशी आल्या. अण्णा तिथंच उभे होते. नविनभाई त्यांना परत न्यायला पुढं झाले तर अण्णांनीच हातानं थांबवलं. "असा वाचक मिळणं म्हणजे," रायरीकर म्हणाल्या आणि क्षणभर थांबल्या. "तो काट्याचा प्रसंग लिहिताना माझा स्वतःचा हात थरथरत होता." पुन्हा टाळ्या. नयनाला वाटलं, झालं, निभावलं, अण्णा वाचले, तीही वाचली. आणि त्याच्या पाठोपाठ, तिला अजिबात अपेक्षा नसताना, राग आला. तो प्रसंग माझा आहे. हात थरथरत होता तो माझा. असं वाटल्याबरोबर तिला इतकी शरम वाटली की तिनं शेजारी बघितलं, अनिकेतला ऐकू गेलं की काय म्हणून. तो टाळ्या वाजवत होता. पाठीत संगिताचं बोट टोचलं.

"बाई, एक विनंती आहे," अण्णा म्हणाले. माईक अजून त्यांच्याजवळच होता. "तुमच्या आवाजात तेवढा प्रसंग ऐकवा. मग मी घरी जायला मोकळा." लोक "हो, हो" म्हणाले. नविनभाईंनी विक्रीच्या टेबलावरून ‘किल्लेदारीण’ उचलून आणली, वरचं प्लॅस्टिक फाडलं. रायरीकरांनी चष्मा लावला. पानं उलटली. "कुठं बरं," असं हसून म्हणाल्या आणि आणखी काही पानं उलटली. पुढं गेल्या, मागं आल्या. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, पण मान खाली गेली होती. खिडकी एकदा जोरात आपटली. अण्णा वाट बघत होते, तोंड किंचित उघडं, हात पोटावर. मग त्यांनी सभागृहाकडं तोंड वळवलं. नयना बसली होती त्याच्या जरा डावीकडं, एका रिकाम्या खुर्चीकडं. "नयना, बाईंना पान सांग गं." आवाज नेहमीचा होता. त्यात आणखी काही होतं का, ते तिला कळलं नाही. "सांग ना," अनिकेत म्हणाला. "तूच तर वाचतेस."

नयना उठली. रायरीकरांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं आणि बघतच राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर लोकांसाठी ठेवलेलं हसू संपलं आणि त्या जागी जे आलं ते रागाचं नव्हतं, उपकाराचंही नव्हतं; काटा कुठून आला ते त्यांना कळलं होतं. "या," त्या म्हणाल्या. "तुम्हीच या वर." रांगेतली माणसं गुडघे बाजूला करून वाट देत होती. तीन पायऱ्या चढून ती माईकपाशी पोचली तेव्हा अण्णांनी तिच्या पावलांचा आवाज ओळखून जागा करून दिली. रायरीकरांनी उघडं पुस्तक तिच्या हातात दिलं आणि बाजूला सरकल्या. पान बरोबर होतं. पहिल्याच ओळीत उमाबाईंनी जासुदाकडे एकदा नीट पाहून घेतलं होतं. छापलेलं वाचायचं की काटा, ते आता तिच्याकडं होतं, आणि माईक चालू होता.